ओल्या पोत्याखालचे तीन दिवस

प्रज्ञाताईंचं नाव आधी घेतो. पुढं जे सांगणार आहे त्यात माझी चूक आहे आणि पुष्कळ भीती आहे. ती वाचता वाचता त्यांचं नाव मागं पडायला नको. प्रताप नगरच्या प्रज्ञाताई. बारीक चणीच्या, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून स्कूटीवरून येणाऱ्या, एकदा बोलायला लागल्या की दोन खोल्या पलीकडं ऐकू जाणाऱ्या. त्यांनी मला मदत केली. काय मदत केली, ते सांगायचं तर एक अख्खा उन्हाळा सांगावा लागेल.

तो उन्हाळा आता परत आलाय. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागला. मनीषनगरात मी राहतो त्या गल्लीत सकाळी आठलाच रस्ता पांढरा दिसायला लागतो. घरोघरचे कूलर बाहेर निघालेत, जाळ्यांत नवा वाळा भरलाय, आणि खिडकीखालून जाताना त्या भिजल्या वाळ्याचा वास अंगावर येतो. नागपूरच्या माणसाला त्या वासानं बरं वाटतं. माझं मात्र पाऊल आपोआप जलद पडतं. ओल्या वाळ्याचा वास आणि ओल्या तागाच्या पोत्याचा वास एकमेकांच्या फार जवळचे आहेत, हे इथं दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नाही.

माझं गाव इथून फार लांब, गुहागरच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. तिथं हवा कधी सुकतच नाही. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी अंगाशी धरून ऊब दिल्याशिवाय पेटत नाही. आठवीत माझी शाळा सुटली. सुटली कसली, मीच सोडली. आई मासळी घेऊन पहिल्या एसटीनं वरच्या गावांना जायची, आणि तिच्या पाट्या चढवायला-उतरवायला माणूस हवं होतं. पाटीवर ओलं पोतं टाकायचं. ते सुकू द्यायचं नाही, हे माझं काम. गाडी जिथं थांबेल तिथं उतरून पाणी शोधायचं, पोतं भिजवायचं, पुन्हा पाटीवर घालायचं. पुस्तकातलं फारसं काही माझ्या डोक्यात राहिलं नाही. पण तापणाऱ्या वस्तूवर ओलं पोतं टाकावं, हे हातातच बसलं.

मावसभावाच्या ओळखीनं मी नागपूरला आलो. एका ठेकेदारानं शहराच्या कडेच्या एका कॉलेजात राखणदार म्हणून लावलं. पहिल्याच उन्हाळ्यात मी घाबरलो. ओठ फाटले, नाकातून रक्त आलं. इतक्या उन्हात घाम का येत नाही, हे कळेना. आतलं पाणी संपलं की काय असं वाटायचं.

प्रयोगशाळेचे बंडूभाऊ म्हणाले, “येते गा, घाम येते. तुले दिसाच्या आधीच सुकून जाते.” बंडूभाऊ उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरचे. आजा हातमागावर बसायचा, हे प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळतात. त्यांनी माझ्या खिशात एक कांदा कोंबला. “ठेव. उन्हाची लू लागत नाही. आन् लागलीच, तर चिरून खा.”

माझी नेमणूक गच्चीवर होती. गच्चीवर एक मोठी छत्री. घरांवर टीव्हीची असते तशीच, पण तिच्या पोटात दोन माणसं आडवी झोपतील एवढी. तिच्या खालच्या कडेपासून एक दांडा पुढं आलेला, आणि दांड्याच्या टोकाला पांढरी पेटी. पेटीला कर्ण्यासारखं तोंड, तोंडावर पातळ पांढरा पापुद्रा. ते तोंड छत्रीकडं वळलेलं. माझं काम कबुतरं हाकलायची, वानरं आली तर काठी आपटायची, धूळ पुसायची आणि वहीत वेळ लिहायची. “पेटीले हात लावू नको,” हे बंडूभाऊंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. मी लावतही नव्हतो. मला त्या पेटीची भीती वाटायची. ती अगदी बारीक आवाजात घूं करत असायची, आणि छत्री स्वतःहून, कुणी हात न लावता, इतकी हळू वळायची की वळताना दिसायची नाही. पाणी पिऊन परत यावं, तर तिचं तोंड दुसरीकडं.

मला वाटायचं, तारे बघायचे तर माणसं दुपारी काय करतात? बंडूभाऊंना विचारलं, तर ते हसले. “तारे दिवसा कुठी जाते मंग? असतेच तिथी. आपल्याले दिसत नाही, छत्रीले ऐकू येते.” मे महिन्यात मृग नक्षत्र भर दुपारी माथ्याजवळ असतं, सूर्याच्या मागोमाग. गावाकडं मृगाचे तीन तारे मी थंडीत समुद्रावर पाहिलेले. तेच आता या पांढऱ्या आभाळात, माझ्या डोक्यावर, न दिसता उभे आहेत, हे कळल्यावर मला वर बघवेना. त्याच दिवसांत एका दुपारी माझी सावली नाहीशी झाली. सूर्य अगदी माथ्यावर. काठी उभी धरली तर तिचीही सावली नाही. बंडूभाऊ म्हणाले की वर्षातून दोनदा असं होतंच. मी मात्र पाय उचलून पाहिला, की ती खाली अडकली आहे का.

खालच्या खोलीत पडद्यावर एक रेघ असायची. गवतासारखी, खालीवर, सगळीकडं सारखी. त्या उन्हाळ्यात एके दिवशी तिच्यात एक सुळका आला. दुसऱ्या दिवशी तो वाढला. सर, म्हणजे ज्यांची ती छत्री, एरवी फार न बोलणारे, ते खुर्चीतून उठून उभे राहिले. प्रज्ञाताई त्यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. त्यांनी मला चहाच्या ट्रेसकट पडद्यापुढं ओढलं.

“बघा महेशभाऊ, बघून घ्या. चार वर्षं झाली वाट पाहून राहिली मी याची.”

मी बघितलं. सुळका दिसला. काय ते कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटली. आठवी सोडलेल्या माणसाला ही एक सवयच लागते, न कळलेल्या गोष्टीपुढं मान हलवायची.

मग तो उकाडा आला, ज्याची आठवण काढली की अजून घसा सुकतो. गच्चीचा कठडा हाताला चटका द्यायचा. चपलेखालचं डांबर मऊ व्हायचं. कबुतरंही येईनाशी झाली. बंडूभाऊ एकदाच वर आले, डोळे बारीक करून पेटीकडं बघून म्हणाले, “हे पेटी तापली का मरते बरं. आन् मंग सर आपल्याले मारते.” आणि ते खाली कूलरपुढं जाऊन बसले.

ते सहज बोलले होते. पण मी त्या पेटीशेजारी दिवसभर एकटा. तिचं घूं मला त्या दिवशी कण्हल्यासारखं वाटायला लागलं. हाताचा पालथा पंजा तिच्याजवळ नेला तर झळ लागली. चार वर्षं वाट बघितली म्हणाल्या होत्या ताई. ही आता माझ्यासमोर मेली तर?

जिन्याखाली तागाचं पोतं होतं. गच्चीच्या टाकीवर मी ते भिजवलं, पिळलं, आणि पेटीवर नीट घातलं. पुढून जरा लांब लोंबलं, तिच्या तोंडावरून. मासळीच्या पाटीवर घालतात तसंच, तोंडावर झाकून. दर अर्ध्या तासानं पाणी शिंपडत राहिलो. संध्याकाळी उन्हं उतरली की पोतं काढून घडी घालून ठेवलं. सलग तीन दुपारी मी हे केलं. वहीत लिहिलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. पाणी मारलं हे काय लिहायचं, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच मला त्या गच्चीवर कमी भीती वाटली. मी काहीतरी सांभाळत होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेऊन खाली गेलो तर सर आणि ताई खुर्च्या सोडून उभे होते. पडद्यावर नुसतं गवत होतं. सुळका नव्हता.

सर म्हणाले, “तीन दिवस सलग काही नाही. गोंगाट वाढलाय, पण तो उन्हानं वाढणारच. सकाळी सूर्यावर रोखून तपासलं, यंत्र ठीक आहे. म्हणजे ते पाणीच विझलं. इतकं झटक्यात विझलेलं क्वचितच कुणी पाहिलं असेल. प्रज्ञा, तू लिही. उद्या दुपारपर्यंत बाहेरच्या सगळ्या वेधशाळांना कळवून टाकू. तुझं नाव आधी.”

माझ्या तोंडून निघालं, “पाणी?”

ताईंनी माझ्याकडं वळून बघितलं. थकल्या होत्या, तरी सांगितलं. मृगाच्या बाणाखाली धुळीचा आणि वायूचा मोठा ढग आहे. त्याच्या पोटात तारे जन्मत आहेत. धूळ आडवी येते, म्हणून डोळ्यांनी आत काही दिसत नाही.

“पण तारा जन्मता जन्मता भवतालच्या ढगाले धडका मारते. त्या धडकेनं तिथली वाफ तापते आणि बोलायले लागते. एका कणानं आवाज काढला का बाजूचाही तोच काढते, मंग त्याच्या बाजूचा. करोडो कण एका सुरात. म्हणून तर इतक्या दुरून आपल्या छत्रीत येते, आन् पडद्यावर सुळका उभा राहते. ते ऐकूनच समजते का आत काय चालू आहे.”

“वाफ म्हणजे आपलं पाणीच?”

“पाणीच. माठात असते तेच.”

“मग पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात छत्री बंद. आपल्याच हवेतला ओलावा तो आवाज गिळून टाकते. हे कोरडं ऊन आहे ना भाऊ, तुम्हाले मारून राहिलं ते, आमच्यासाठी ते सोनं आहे.”

मी ट्रे ठेवला. कपबशा वाजल्या. जिना चढून वर गेलो आणि घडी घातलेल्या पोत्याकडं बघत उभा राहिलो. ते अजून ओलं होतं.

भीतीचे प्रकार असतात. समुद्रावर वारा फिरला की जी वाटते ती अंगाबाहेरची असते, तिच्याशी हातपाय मारता येतात. ही आतली होती. सांगितलं तर नोकरी जाणार, ठेकेदार दुसऱ्या दिवशी दारात उभं करणार नाही, आणि गावी जाऊन आईला काय सांगायचं? की पाटीवरचं पोतं मी आभाळावर टाकलं? नाही सांगितलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. तेच जास्त भयंकर होतं. ताई आपल्या नावानं जगाला सांगणार होत्या की मृगातलं पाणी विझलं, आणि ते विझलेलं नसणार. पुढं कधीतरी कुणीतरी म्हणणार, नागपूरची ती मुलगी खोटं बोलली. त्यांच्या घरात संशोधनापर्यंत पोचलेल्या त्या पहिल्या. आजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात शिकण्याशिवाय दुसरा विषय नाही, असं एकदा हसत म्हणाल्या होत्या.

खोलीवर आलो. आईचा फोन आला.

“जेवलास काय रे?”

“जेवलो.”

“आवाज का असा?”

“ऊन आहे.”

“मग डोक्यावर ओला फडका टाक, बाबा.”

 ती हॅलो हॅलो करत राहिली.

सकाळी कॉलेजच्या फाटकाशी मी प्रज्ञाताईंची स्कूटी अडवली. त्यांनी तोंडावरचा दुपट्टा सोडेपर्यंतही मी थांबलो नाही, सगळं एका दमात सांगून टाकलं. पोतं, पाणी, तीन दुपारी, तोंडावरून.

त्यांनी स्कूटी स्टँडवर लावली. मग अशा बोलल्या की फाटकावरच्या दोघातिघांनी वळून बघितलं.

“तीन दिवस! तुले सांगितलं होतं ना पेटीले हात लावू नको म्हणून? काहून लावला?”

“तापत होती, ताई. मरेल असं वाटलं.”

“आन् तोंड झाकून टाकलं? पाण्यानं?”

“मासळीला झाकतात तसं.”

त्यांनी हेल्मेट काढून सीटवर आपटलं. डोळ्यांत पाणी होतं, रागाचंच. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आल्या होत्या, ते मला योग्यच वाटलं. मी म्हणालो, तुम्ही सरांना सांगा, मी सामान आवरतो.

“मी नाही सांगत. तुम्ही सांगा.” पुन्हा तुम्ही आलं. आवाज खाली आला. “मी सांगितलं तर ते तुमची चुगली होईल. तुम्ही सांगितलं तर ते निरीक्षण होते. समजलं? चला. मी बसते बाजूले.”

ही ती मदत. लिहिताना केवढीशी दिसते. त्यांनी माझी बाजू मांडली नाही, मला वाचवलं नाही. सरांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. मला कधी त्या खोलीत कुणी बसा म्हटलं नव्हतं. ताईंनी एक खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि दुसरीवर स्वतः बसल्या.  मी अडखळलो तेव्हा त्या मध्ये पडल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, “पोतं किती वाजता टाकलं, ते पण सांगा.”

सर ऐकत राहिले. मग विचारलं, “ते पोतं कुठं आहे?”

दुपारी आम्ही चौघे गच्चीवर. बंडूभाऊंनी डोक्यावर गमछा घेतला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विनोद सुचत नव्हता. सरांनी पडद्याचं लहान यंत्र सावलीत मांडलं. छत्री मृगाकडं रोखलेली. पेटीचं तोंड उघडं. रेघ जमायला वेळ लागतो, थोडं थोडं ऐकून ते एकावर एक रचावं लागतं. तो वेळ मी कसा काढला ते मला आठवत नाही. मला एकच कळत होतं. पोतं नसताना सुळका आला, तर चूक माझी ठरणार. नाही आला, तर पाणी खरंच विझलंय आणि मी सुटलो. देवाशप्पथ सांगतो, मी मनात म्हणत होतो, येऊ दे. माझ्यावर येऊ दे.

गवतातून आधी एक टोक वर आलं. मग ते टोक राहिलं. पूर्वीइतकं उंच नाही, जरा उतरलेलं, पण तिथंच, त्याच जागी.

“आता टाक,” सर म्हणाले.

मी पोतं भिजवलं. पिळताना बंडूभाऊंनी दुसरं टोक धरलं. पेटीवर घातलं, तोंडावरून. पडद्यावर नवी रेघ सुरू झाली आणि तिच्यात गवताखेरीज काही उगवलं नाही. काढलं, पापुद्रा कोरडा पुसला, पुन्हा टोक वर आलं. घातलं, गेलं. असं तीनदा. तिकडं त्या ढगात तारे जन्मत होते, आणि माझ्या हातातलं एक चिंब पोतं त्यांना गप्प करत होतं. त्या हाताची मला जेवढी भीती वाटली तेवढी कशाचीच वाटली नाही.

बंडूभाऊ हळूच म्हणाले, “कोकण्या, तू तं पूर्ण आभाळ विझवलं असतं गा.”

सरांना हसू आलं नाही. मला त्यांनी पंधरा दिवस गच्चीवर पाय ठेवू दिला नाही, फाटकावर बसवलं, आणि ते बरोबरच होतं. ठेकेदाराला मात्र फोन केला नाही. पाणी विझल्याचं पत्र गेलं नाही. त्याऐवजी दुसरं गेलं, ताईंच्या नावानं, की पाणी अजून बोलतंय, थोडं मंदावलंय. तेवढ्यात बाहेरच्या एका मोठ्या दुर्बिणीवाल्यांनी पाणी भडकल्याचं आधीच कळवून टाकलं होतं. ताईंचं दुसरं ठरलं. त्या मला कधी तसं बोलल्या नाहीत. बंडूभाऊंनी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्यांनाच वाईट वाटलं.

त्यांचा प्रबंध बांधून आला तेव्हा त्यांनी मला ते पान उघडून दाखवलं. मृगातल्या पाण्याचा आलेख. ठिपके चढत जातात, मग तीन ठिपक्यांची मोकळी जागा, मग उतार. नेमकं सर्वांत वर कधी पोचलं, तो क्षण त्या मोकळ्या जागेत. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती त्यांनी मला मराठीत सांगितली. या तीन दिवशी यंत्राच्या तोंडावर ओलं कापड होतं. कुणी ठेवलं ते नव्हतं. मी बराच वेळ त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून बसलो. इतक्या कमी जागेत माझी एवढी मोठी चूक मावली होती.

ताई आता परदेशात आहेत, उंच डोंगरावरच्या कुठल्याशा दुर्बिणीशी. तिथली हवा नागपूरच्या मे महिन्यापेक्षाही कोरडी आहे म्हणतात. मी अजून त्याच गच्चीवर आहे. पंधरा दिवसांनी सरांनी परत पाठवलं तेव्हा वहीत दोन रकाने वाढवून दिले होते. हवेतला ओलावा किती, आणि यंत्राला कुणी काय केलं. मी सगळं लिहितो. पापुद्र्यावर माशी बसली तरी लिहितो. आता छत्री रोखायची, रेघ जमवायची आणि साठवायची कशी, हेही सरांनी शिकवलंय. दर वेळी बटण दाबण्याआधी पेटीचं तोंड पुन्हा एकदा बघून येतो. मी काहीतरी झाकतोय का, काहीतरी विसरलोय का, असं वाटत राहतं. ही भीती जाईल असं मला वाटत नाही, आणि ती जावी असंही अलीकडं वाटेनासं झालंय.

सर सांगतात की मृगातलं ते पाणी आजवर असं मधूनच भडकत आलंय. वर्षानुवर्षं शांत असतं, मग एकाएकी चढतं. पुन्हा कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. उद्या, नाहीतर आणखी वीस वर्षांनी.

ताई, म्हणून मी एकही कोरडी दुपार सोडत नाही. रविवारी येतो, सणाला येतो. ज्या दिवशी ते परत चढेल, त्या दिवशी मी इथं असेन, पेटीचं तोंड उघडं असेल, आणि सर्वांत वरचा ठिपका जमेल तसा मी तो तुम्हाला पाठवीन, त्याच्या आधीचा आणि नंतरचाही. तुमचे तीन दिवस माझ्याकडं राहिलेत. ते मी तुम्हाला परत देईन.